चार स्टुलं आणि एक कप कॉफी

साठच्या दशकातली अमेरिका म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर वुडस्टॉक येतं, लांब केस, गिटारी, चिखलात नाचणारी पोरं, नाहीतर मग केनेडी, व्हिएतनाम आणि चंद्रावरचं ते पाऊल. माझ्याही डोक्यात बरीच वर्षं तेच होतं. मग एकदा वॉशिंग्टनच्या अमेरिकन हिस्टरी म्युझियममध्ये गेले, तिथे जेवायच्या काउंटरचा एक तुकडा ठेवलाय आणि त्याच्यापुढे चार स्टुलं. बास, एवढंच. आजूबाजूला किती भारी भारी वस्तू होत्या पण मी तिथेच थांबले, बराच वेळ थांबले, आणि तेव्हापासून मला कोणी साठचं दशक म्हटलं की आधी ती स्टुलंच आठवतात.

आधी हे लंच काउंटर प्रकरण काय होतं ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळत नाही. वुलवर्थसारखी दुकानं होती, फाइव्ह अँड टेन म्हणायचे त्यांना किंवा डायम स्टोअर, म्हणजे सुरुवातीला सगळं पाच नाहीतर दहा सेंटांना मिळायचं म्हणून. सुया, दोरे, वह्या, टूथपेस्ट, खेळणी, पडद्याचं कापड, सगळं एका छपराखाली आणि शहराच्या अगदी मध्यावर. त्याच दुकानात एका बाजूला लांबलचक काउंटर, समोर जमिनीत रोवलेली गोल फिरती स्टुलं, पलीकडे कामाला असलेल्या बायका कॉफी ओततायत, सँडविच भाजतायत, पाय नावाचा गोड पदार्थ कापून देतायत. खरेदी करून दमलेल्या बायका, ऑफिसातले कारकून, शाळा सुटलेली पोरं सगळे तिथे येऊन टेकायचे. हॉटेल म्हणावं असं काही ते नव्हतंच, गावातली बसायची जागा होती ती.

आणि दक्षिणेत त्या जागेवर काळ्या माणसाला बसता येत नव्हतं. नीट लक्षात घ्या, दुकानात यायला बंदी नव्हती. तुमचे पैसे घ्यायचे, टूथपेस्ट विकायचे, वही विकायचे, बिल द्यायचे, आणि त्याच दुकानात चार पावलांवर तुम्ही स्टुलावर बसलात की तुम्हाला कॉफी नाही. मला यातलं सगळ्यात जास्त हेच टोचतं, की हाकलून देणं सुद्धा पूर्ण नव्हतं, तुमचा पैसा चालायचा फक्त तुमचं बसणं चालायचं नाही.

याचे परिणाम रोजच्या जगण्यात कुठवर पोचायचे बघा. गाडी घेऊन लांबच्या प्रवासाला निघालेली काळी कुटुंबं घरूनच बुटाच्या खोक्यात जेवण भरून न्यायची, तळलेलं चिकन, उकडलेली अंडी, ब्रेड, कारण वाटेत कुठे खायला मिळेल याची खात्री नाही. पोरांना बाथरूमला जायचं असेल तर कुठल्या पेट्रोल पंपावर गाडी थांबवायची हा आईबापांपुढे मोठा प्रश्न. न्यूयॉर्कच्या हार्लेममधला एक पोस्टमन, व्हिक्टर ह्यूगो ग्रीन, त्याने १९३६ पासून एक छोटं पुस्तकच काढलं, कुठल्या गावात कोण राहायला देईल, कोण जेवायला देईल याची यादी, आणि ते ग्रीन बुक साठच्या दशकातही निघत होतं. म्हणजे एकीकडे नवे कोरे इंटरस्टेट हायवे बांधले जातायत, जाहिरातीत हसरी कुटुंबं मोठ्या गाड्यांतून देश बघायला निघालीयत, आणि त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या गाडीत मागच्या सीटवर बुटाचं खोकं.

तर १ फेब्रुवारी १९६०, सोमवार, नॉर्थ कॅरोलिनातलं ग्रीन्सबरो. एझेल ब्लेअर, फ्रँकलिन मकेन, जोसेफ मकनील आणि डेव्हिड रिचमंड, चौघंही काळी पोरं, गावातल्याच ए अँड टी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. हॉस्टेलच्या खोलीत रात्र रात्र बोलत बसायचे की हे असं किती दिवस चालू द्यायचं, आणि शेवटी एकदा ठरलं की उद्या जायचं. दुपारी वुलवर्थमध्ये गेले, टूथपेस्ट आणि अशाच काही बारीकसारीक वस्तू घेतल्या आणि बिलं जपून ठेवली. हे बिल जपून ठेवणं मला फार आवडतं. मग काउंटरवर जाऊन बसले आणि कॉफी मागितली. नाही म्हटल्यावर त्यांचं म्हणणं एवढंच की आत्ता तिकडच्या काउंटरवर आम्हाला माल दिलात की, हे बघा बिल, मग इथे का नाही? पलीकडे काम करणाऱ्या एका काळ्या बाईने उलट त्यांनाच दटावलं, की असं करून तुम्ही सगळ्यांनाच अडचणीत आणताय. आणि एक म्हातारी गोरी बाई, जी आता शिव्याच देणार असं मकेनला वाटलं होतं, तिने जवळ येऊन सांगितलं की मला तुमचा अभिमान वाटतो, हे तुम्ही आधीच करायला हवं होतं. ही आठवण मकेन पुढे आयुष्यभर सांगायचा. समोरचा माणूस कोण निघेल हे नुसतं बघून कळत नाही हे तो तिथे शिकला असं तो म्हणायचा.

दुकान बंद होईपर्यंत चौघं बसून राहिले. कॉफी मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी वीसच्या वर आले, तिसऱ्या दिवशी साठच्या वर, चौथ्या दिवशी तीनशे, त्यात गावातल्या विमेन्स कॉलेजच्या तीन गोऱ्या मुलीही होत्या. आठवड्याच्या शेवटी तर हजाराच्या घरात. येताना पुस्तकं घेऊन यायचे आणि काउंटरवर बसून अभ्यास करायचे, इस्त्रीचे कपडे, टाय, कोट. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायचीय, की गावातल्याच बेनेट कॉलेजच्या मुली, काळ्या मुलींचं कॉलेज ते, त्यांच्यातही असं काही करायची चर्चा आधीपासून चालू होती आणि त्या सुरुवातीपासून यात होत्या, पण गोष्ट सांगताना चार मुलांचीच सांगितली जाते. आणि उन्हाळ्यात कॉलेजं बंद होऊन पोरं घरी गेल्यावर हे पुढे कोणी चालू ठेवलं, तर डडली हायस्कूलच्या शाळकरी मुलांनी. त्यांची नावं तर कुणालाच माहीत नसतात.

बघता बघता हे लोण पसरलं, दोन महिन्यात १३ राज्यांमधल्या पन्नासेक गावांत पोरं काउंटरवर जाऊन बसायला लागली. कोणी आदेश दिला नव्हता, पण सगळं आपोआप झालं असं म्हणणंही खरं नाही. नॅशव्हिलमध्ये जेम्स लॉसन नावाचा एक तरुण पाद्री महिनोन् महिने पोरांची तयारी करून घेत होता. हा माणूस १९५३ ते १९५६ आपल्या नागपूरला हिस्लॉप कॉलेजात होता, गांधीजींचा मार्ग जवळून समजून घ्यावा म्हणून, आणि माँटगोमेरीतल्या काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला ही बातमी त्याने नागपुरात पेपरमध्ये वाचली. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता. परत गेल्यावर त्याने चर्चच्या तळघरात वर्ग घेतले. खुर्च्या मांडून खोटं काउंटर करायचं, निम्म्यांनी बसायचं आणि निम्म्यांनी त्यांना शिव्या द्यायच्या, ढकलायचं, खुर्चीवरून पाडायचं, सिगरेटचा धूर तोंडावर सोडायचा. आपल्याच मित्रांकडून हे सहन करायची सवय करायची म्हणजे खरी वेळ आली की हात उठणार नाही. नियम लिहून दिले होते पोरांना, कोणी मारलं तर उलट मारायचं नाही, शिवी द्यायची नाही, सरळ बसायचं, तोंड काउंटरकडे ठेवायचं. जॉन लुईस, डायन नॅश ही नागरी हक्कांच्या लढ्यात पुढे नाव झालेली माणसं याच वर्गातली.

लोकांना वाटतं अहिंसा म्हणजे गप्प बसून मार खाणं. ही पोरं कसून सराव करत होती, एखादी टीम करते तसा, आणि त्यांचं वय होतं अठरा-एकोणीस-वीस. याची किंमतही मोजावी लागली, लॉसनला व्हँडरबिल्ट विद्यापीठाने काढून टाकलं, एप्रिलमध्ये त्यांच्या वकिलाच्या, झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब टाकला. त्याच दिवशी हजारो लोक शांतपणे चालत सिटी हॉलवर गेले आणि डायन नॅशने मेयरला सगळ्यांसमोर सरळ विचारलं की रंगावरून असा भेदभाव करणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं का, आणि तो हो म्हणाला. मे महिन्यात नॅशव्हिलचे काउंटर काळ्या लोकांसाठी उघडले. सगळीकडे इतकं लवकर झालं नाही हो, मिसिसिपीत जॅक्सनच्या वुलवर्थमध्ये १९६३ साली बसलेल्यांच्या डोक्यावर जमावाने केचप, मोहरी, साखर ओतली, मारलं, त्याचा फोटो बघवत नाही.

आणि मग कायदा. २ जुलै १९६४ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने नागरी हक्कांच्या कायद्यावर, सिव्हिल राइट्स अ‍ॅक्टवर सही केली, सिनेटमध्ये विरोधकांनी चर्चा लांबवत लांबवत साठ दिवस काढले होते त्याच्याआधी. हॉटेलं, खाणावळी, थिएटरं यात रंगावरून कोणाला अडवायचं नाही. पण लगेच कोर्टात गेले लोक. अलाबामातल्या बर्मिंगहॅममधलं ऑलीज बार्बेक्यू नावाचं एक घरगुती हॉटेल होतं, काळ्या गिऱ्हाइकांना पार्सल द्यायचे पण आत टेबलावर बसू द्यायचे नाहीत. आता सरकारपुढे अडचण अशी की १८७५ ला असाच एक कायदा झाला होता आणि १८८३ ला सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला होता, खाजगी मालकाच्या वागण्यावर काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, असा कायदा करता येणार नाही म्हणून. त्यामुळे यावेळी वेगळी वाट धरली, राज्याराज्यांमधल्या व्यापाराची. ऑलीज जे मटेरियल विकत घ्यायचं त्यात जवळजवळ ७०,००० डॉलरचं मांस राज्याबाहेरून आलेलं होतं, म्हणजे त्याचा धंदा आंतरराज्य व्यापाराला जोडलेला, म्हणजे काँग्रेसला नियम करायचा अधिकार. डिसेंबर १९६४ मध्ये कोर्टाने एकमताने ते मान्य केलं. मी हे वाचलं तेव्हा वाईट वाटलं, की माणसाला माणूस म्हणून टेबलाशी बसायचा हक्क मिळाला तो मांस कुठून आलं याच्या हिशोबावर. पण वकिलांच्या हुशारीला सलामही करावासा वाटला, कारण सरळ रस्ता ऐंशी वर्षांपूर्वीच बंद केलेला होता आणि त्यांना काहीही करून जिंकायचं होतं.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. याच वर्षांत त्या काउंटरचे दिवसही भरत आले होते. लोक उपनगरांत राहायला चालले होते, मोठे पार्किंग असलेले मॉल तिकडे उघडत होते, १९६२ या एकाच वर्षात पहिलं वॉलमार्ट, पहिलं केमार्ट आणि पहिलं टार्गेट सुरू झालं, आणि खायला रस्त्याकडेला मॅकडॉनल्डसारखी दुकानं जिथे बसायचंच नसतं, पिशवी घ्या आणि निघा. ज्या जागेवर बसण्यासाठी एवढं सगळं झालं ती जागाच रिकामी व्हायला लागली. ग्रीन्सबरोचं ते वुलवर्थ १९९३ ला बंद झालं, आता तिथे म्युझियम आहे.

पण मला शेवटी ग्रीन्सबरोच्या एका फोटोबद्दल सांगायचंय. काउंटरवर बसलेल्या चौघांचा जो प्रसिद्ध फोटो आहे तो खरं म्हणजे दुसऱ्या दिवशीचा, त्यात पहिल्या दिवशीचे दोघंच आहेत, मकनील आणि मकेन, बाकीचे दोघं बिली स्मिथ आणि क्लॅरेन्स हेंडरसन. आपण त्या चौघांचे चेहरे बघतो. काउंटरच्या पलीकडे पांढऱ्या कपड्यातला एक काळा मुलगा उभा आहे, तिथे कामाला असलेला, बशा उचलणारा, चार्ल्स बेस. माझी नजर आता त्याच्यावरच जाते.

सहा महिने आणि सुमारे २ लाख डॉलरचं नुकसान झाल्यावर ग्रीन्सबरोच्या मॅनेजरने हार मानली. २५ जुलै १९६० ला, फारसा गाजावाजा न करता, त्याने आपल्याच दुकानात काम करणाऱ्या काळ्या माणसांना सांगितलं की कामाचे कपडे बदला, चांगले कपडे घाला आणि काउंटरवर येऊन बसा. त्यातल्या जिनीव्हा टिसडेलने एग सॅलड सँडविच मागवलं. ज्या काउंटरवर ती रोज काम करायची त्याच्या या बाजूला ती पहिल्यांदा बसली होती. आणि त्या दिवशी जे चौघं बसले त्यांच्यात फोटोतला तो चार्ल्स बेसही होता.