कंबरमोडी

परवा फोनमधल्या झाडं ओळखायच्या अॅपने एका फुलाचं नाव सांगितलं, ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. मी म्हटलं अगं बाई, हा तर आपला दगडी पाला! लहानपणी सायकलवरून पडून गुडघा फुटला की ताई हाच पाला ओरबाडून आणायची, तळहातावर चुरगळून हिरवा रस जखमेवर पिळायची, आणि ते इतकं झोंबायचं की पडल्याचं रडू राहायचं बाजूला. जखमजोडी हे याचंच दुसरं नाव, ते रक्त थांबवणाऱ्याने ठेवलं असणार, रडणाऱ्याने नाही.

तिसरं नाव एकदांडी. ते का ते बघितल्यावर लगेच कळतं, वीतभर लांब, बारीक लव असलेला सरळ दांडा आणि टोकाला एकच फूल, वाटेत पान नाही की काही नाही. पण झाड स्वतः मात्र आडवं, जमिनीवर लोळणारं, आणि त्या लोळण्यातून मधेच दांडा ताठ उभा राहतो, म्हणूनच कंबरमोडी म्हणत असावेत असा माझा अंदाज. प्रोकम्बेन्सचा अर्थही आडवं पसरलेलं असाच आहे. म्हणजे १७५३ साली हे शास्त्रीय नाव देणाऱ्या लिनिअस या वनस्पतिशास्त्रज्ञाने जे बघितलं तेच आपल्याकडच्या कुणीतरी बघितलं, फक्त आपल्या नावात जरा कण्हणं पण आहे :) आणि गंमत म्हणजे हे मुळात आपलं नाहीच, अमेरिका खंडातल्या उष्ण भागातून आलंय, तरी इतकी घरगुती नावं पटकावून फुटपाथच्या फटीत मजेत बसलंय.

फूल जवळून बघा कधीतरी. सूर्यफुलाच्या कुळातलं, त्यामुळे ते एक फूल नसतंच, मधे पिवळ्या चिमुकल्या नळ्यांसारख्या फुलांचा गठ्ठा आणि कडेने पाच-सहा फिक्या पिवळट पाकळ्या, त्यातली प्रत्येक पाकळी पण एक स्वतंत्र फूलच! पाकळीच्या टोकाला तीन दाते असतात. भाचीला मी हे सांगितलं तर ती म्हणे मावशी एकीला दोनच आहेत, मग काय, मी चष्मा सरकवून वाकून मोजायला गेले. तीनच होते, एक दुमडला होता. उठताना कंबरेत अशी कळ आली की विचारू नका, नावाबद्दलचा माझा अंदाज मागे घ्यावा म्हणते.