आमची वाटचाल : आधी कापायचा, मग विकायचा

२००६ साली कोल्हापुरात, शाहूपुरीत, दहा बाय बाराचा गाळा भाड्याने घेऊन मी आणि माझ्या धाकट्या भावाने गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान सुरू केलं. त्याआधी सात वर्षं मी दुसऱ्याच्या काउंटरवर काम केलं होतं. कुठल्या गाडीला काय बसतं हे तोंडपाठ होतं. ते आतून कसं असतं, हे मात्र कधी पाहिलं नव्हतं.

पहिली पाच वर्षं आम्ही सगळ्यांसारखाच धंदा केला. मेस्त्री ऑइल फिल्टर (इंजिनातलं ऑइल गाळणारा डबा) मागायला आला की आमचा एकच प्रश्न : "कंपनीचा देऊ का लोकल?" लोकलमध्ये आम्हालाही चार पैसे जास्त सुटायचे आणि मेस्त्रीलाही. आटे बसतात, गळत नाही, मग वाईट काय, असं वाटायचं.

२०११ च्या पावसाळ्यात गारगोटीकडच्या एका गुरुजींची पेट्रोल गाडी सकाळी पहिल्या स्टार्टला तीन-चार सेकंद खडखडायला लागली. नंतर दिवसभर गप्प. टायमिंग चेनचा (इंजिनातले भाग एका तालात फिरवणाऱ्या साखळीचा) संशय आला, चेन किट बदललं, तरी आवाज जसाच्या तसा. शेवटी उद्यमनगरातल्या एका जुन्या मेस्त्रींनी गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी इंजिन सुरू न करताच फिल्टर खोलला. आडव्या बसणाऱ्या त्या फिल्टरमधून ऑइल भळकन सांडायला हवं होतं. जेमतेम दोन-चार चमचे निघालं. फिल्टर आमच्याच दुकानातला होता, दोन महिन्यांपूर्वीचा.

मेस्त्रींनी मला बोलावून घेतलं. शेजारच्या लेथवाल्याने "आण की हिकडं, बघूया आत काय दडलंय" म्हणत डबा लेथच्या चकमध्ये (पकडीत) धरला आणि गोल कापला. त्याच गाडीचा कंपनीचा एक नवा फिल्टरही मी कापायला दिला. दोन्ही उघडे डबे शेजारी ठेवले तेव्हा मला दुकानात परत जायची लाज वाटली.

फिल्टरच्या तोंडाशी आत रबराचा एक पडदा असतो. इंजिन बंद झाल्यावर ऑइल परत चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत) उतरू नये, हे त्याचं काम. आमच्या फिल्टरमधला पडदा दोन महिन्यांतच उष्णतेने कडक होऊन वाकला होता. रोज रात्री फिल्टर रिकामा होई आणि सकाळी तो पुन्हा भरेपर्यंत चेन आणि बेअरिंगला ऑइलचा दाब मिळत नसे. चांगल्या फिल्टरमध्ये हा पडदा बऱ्याचदा सिलिकॉनचा असतो, तो लवकर कडक होत नाही. (तोंड वर करून उभ्या बसणाऱ्या फिल्टरला याची एवढी गरज पडत नाही, म्हणून तोच माल दुसऱ्या गाडीत बिनतक्रार चालतो.) दुसरा भाग बायपास व्हॉल्व्ह. आतला गाळणारा कागद तुंबला किंवा थंडीत ऑइल घट्ट झालं, तर हा उघडून ऑइलला वाट देतो. साधारण एक बार (दाबाचं माप) इतक्या दाबाच्या आसपास तो उघडतो, इंजिनागणिक कमी-जास्त. आमच्या फिल्टरमधली त्याची स्प्रिंग बोटाने दाबली तरी सहज बसत होती. म्हणजे बरंचसं ऑइल न गाळताच इंजिनात जात असणार.

चेन किटचे आणि मजुरीचे पैसे आम्ही गुरुजींना परत केले. ते नको म्हणत होते, आम्ही ऐकलं नाही.

तेव्हापासून नियम झाला : कुठलाही नवा ब्रँड आला की एक नग कापायचा, मग ऑर्डर द्यायची. यातून एक अनपेक्षित गोष्ट कळली. आफ्टरमार्केट, म्हणजे गाडीच्या कंपनीच्या नावाशिवाय बाजारात मिळणारा माल, हलकाच असतो असं मुळीच नाही. गाड्यांच्या कंपन्या बहुतेक वेळा फिल्टर स्वतः बनवत नाहीत, फिल्टरचे कारखाने वेगळे असतात. त्यातले काही आपल्या नावाच्या खोक्यातही माल विकतात, कमी किमतीत. असे काही फिल्टर आम्हाला आतून कंपनीच्या तोडीस तोड सापडले. काउंटरवर आज सर्वांत जास्त तेच खपतात. तीन स्वस्त ब्रँड मात्र आम्ही बंद केले. त्यापायी काही गॅरेजवाले तुटले, वर्षभर गल्ला जाणवण्याइतका उतरला.

कापून सगळं कळतं असंही नाही. कागदाच्या घड्या मोजून दर्जा ठरत नाही, सिंथेटिक कागद कमी घड्यांतही बारीक गाळतो. त्यासाठी आयएसओ ४५४८-१२ ही चाचणी आहे, ती दुकानात होत नाही. आम्ही कारखान्याकडे तिचा अहवाल मागतो. न देणाऱ्याचा माल ठेवत नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात दुकानात पाणी शिरलं आणि खालच्या तीन कप्प्यांतले फिल्टर भिजले. पुसल्यावर डबे नव्यासारखे दिसत होते. एकजण चांगला भाव द्यायला आला, म्हणाला, खोकी नवी छापून घेतो. आम्ही दोघा भावांनी रात्री बसून प्रत्येक डब्याला ड्रिलने भोक पाडलं आणि सगळे भंगारात दिले. वरून ब्रँडचं नाव आणि आत असला माल, ही खरी भीती आहे, म्हणून आम्ही बिलाशिवाय माल घेत नाही आणि देतही नाही.

वॉरंटीबद्दल रोज विचारणा होते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ कार कंपन्यांना बजावलं की बाहेर काम केलं एवढ्याच कारणावरून सगळी वॉरंटी रद्द करता येणार नाही. सदोष कामामुळे जे नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. तरीही वॉरंटीतल्या गाडीला आम्ही स्वतःहून कंपनीचाच फिल्टर सुचवतो. दोनशे रुपयांसाठी गिऱ्हाइकाने वाद घालत बसावं, हे आम्हाला पटत नाही.

शनिवारी दुपारी लेथ मोकळा असतो. तुमच्या गाडीचा काढलेला फिल्टर कापून बघायचा असेल तर घेऊन या, पैसे लागत नाहीत. फक्त आणण्याआधी तो रात्रभर उपडा ठेवून ऑइल निथळू द्या.