सीमेवरचे शनिवार-रविवार

बेळगाव, शनिवार रात्र

सुट्टीवर घरी आल्यापासून रोज कुणीतरी विचारतं, तिकडं शनिवार-रविवार करतोस तरी काय? पॅरिस झालं का, ॲमस्टरडॅम झालं का? झालं दोन्ही. पण माझ्या सुट्ट्या गेल्या त्या बेल्जियममधल्याच लहानसहान गावांत, आणि ती गावं मी निवडली ती बेळगावचा आहे म्हणून. ते आज नीट लिहून ठेवतो.

बेल्जियममधल्या लुव्हनच्या विद्यापीठात मी शिकवतो. तिथला आठवडा साधा असतो. सकाळी सायकलवरून विभागात, मग वर्ग. नद्यांच्या पुराचं गणित शिकवतो. माझे वर्ग इंग्रजीतून, कारण मास्टर्सला मुलं देशोदेशींची. पदवीचं शिक्षण मात्र बहुतेक डचमधूनच चालतं आणि ते तसंच राहावं म्हणून तिथं कायदा आहे. संध्याकाळी मी स्वतः डचच्या वर्गात विद्यार्थी होऊन बसतो. शुक्रवारी दुपारी दगडी रस्त्यांवर चाकांच्या बॅगांचा खडखडाट सुरू होतो. मुलं मळके कपडे घेऊन आपापल्या गावी निघतात, शनिवारी आपल्या स्टँडवर खानापूर-चंदगडची मुलं दिसतात तशीच. गाव रिकामं होतं. मग मीही स्टेशन गाठतो.

रेल्वेतच पहिला धडा मिळाला. लुव्हनहून पूर्वेला निघालं की पाटीवर गावाचं नाव 'लाउक' असतं, घोषणा डचमध्ये. गाडीने भाषेची सीमा, म्हणजे देशाच्या डचभाषक आणि फ्रेंचभाषक भागांमधली रेघ, ओलांडली की तेच गाव 'लिएज' होतं आणि घोषणा फ्रेंचमध्ये सुरू होते. डब्यातलं कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही.

सगळ्यात जास्त वेळा गेलो ते लुव्हाँ-ला-नव्हला. लुव्हनचं विद्यापीठ 1425 चं. एकाच छपराखाली डच आणि फ्रेंच शिकवणं चालायचं. 1968 साली डचभाषक विद्यार्थी 'वालून लोक (म्हणजे फ्रेंचभाषक) बाहेर' म्हणत रस्त्यावर उतरले, त्या वादात देशाचं सरकार पडलं आणि विद्यापीठाचे दोन तुकडे झाले. फ्रेंच तुकड्यासाठी तीसेक किलोमीटरवर, भाषासीमेच्या पलीकडे, शेतांमधून एक अख्खं नवं शहर वसवलं. मोटारी खाली, माणसं वर चालणारी, असं ते शहर आहे. विटांच्या भिंती, पुस्तकांची दुकानं, एक तळं. मला आवडतं ते. पण तिथल्या ग्रंथालयात गेलो की दर वेळी पोटात कालवतं. लुव्हनचं मूळ ग्रंथालय 1914 मध्ये जर्मन सैन्याने जाळलं. जगभरातून पुस्तकं आली, अमेरिकनांच्या देणग्यांतून नवी इमारत उभी राहिली. 1940 मध्ये तीही जळाली. पुन्हा एकेक करून पुस्तकं जमवली. आणि वाटणीच्या वेळी त्याच ग्रंथालयाची पुस्तकं कपाटातल्या क्रमांकावरून वाटली, विषम एकीकडे, सम दुसरीकडे. दोन युद्धांनंतर पुन्हा उभं केलेलं ते ग्रंथालय आपल्याच माणसांनी मोजून दोन केलं. मराठी माणसाचा हक्क मागत वाढलेल्या मला हे वाचून राग कुणावर काढावा तेही सुचेना. मला बेळगावात मराठीचा मान हवा आहे. पण तो अशा वाटणीने नको, हे मी त्या कपाटांपुढे उभं राहून स्वतःशी बोललो आहे.

बार्लेलाही एका रविवारी जाऊन आलो. नेदरलँड्सच्या पोटात बेल्जियमचे 22 तुकडे, फुटपाथवर पांढऱ्या फुल्या, घराचं दार ज्या देशात उघडतं ते घर त्या देशाचं. बघायला छान आहे. पण दोन्हीकडे भाषा एकच, त्यामुळे मला हवं ते तिथं नव्हतं.

मला हवं होतं ते व्हूरनमध्ये सापडलं. सहा खेड्यांचा हा पट्टा. बेल्जियमने 1962 च्या कायद्याने भाषांची सीमा कायमची आखली आणि 1963 पासून ही खेडी लिएज प्रांतातून काढून डचभाषक लिम्बुर्गला जोडली. गावात फ्रेंच बोलणारे पुष्कळ. मग मोर्चे, मारामाऱ्या, पाट्यांवर रंग. डच न बोलणाऱ्या महापौराच्या नेमणुकीवरून 1987 मध्ये केंद्र सरकार कोसळलं. हिरव्या टेकड्या, सफरचंदाच्या बागा, आणि गावाच्या पाटीवरचं एक नाव काळ्या रंगाने झाकलेलं. असली पाटी वाचायला मला कुणाची मदत लागत नाही.

पण त्याच गावात फ्रेंचभाषक माणसाला सरकारी कागद फ्रेंचमध्ये मिळतो. कायद्यानेच ती सोय ठेवली आहे. पूर्वी, 1932 च्या कायद्याप्रमाणे, गावात 30 टक्के लोक दुसऱ्या भाषेचे निघाले की कारभार दोन्ही भाषांत करायचा असे. दर खानेसुमारीला नवं भांडण व्हायचं, म्हणून 1961 मध्ये भाषेची मोजणीच बंद केली. आपल्याकडे 15 टक्के लोक दुसऱ्या भाषेचे असले की सरकारी सूचना त्या भाषेतही द्यायच्या, हे सूत्र 1956 पासून कागदावर आहे, आणि मराठी परिपत्रकांसाठीचे मोर्चे मी लहानपणापासून बघतो आहे.

आज जेवताना हे सगळं काकांना सांगितलं. काकांचा जमिनीचा एक तुकडा कर्नाटकातल्या बाचीत आहे आणि दुसरा सीमेपलीकडे, महाराष्ट्रातल्या शिनोळीत. शिनोळीचा सातबारा मराठी, ते चष्मा लावून स्वतः वाचतात. बाचीचा उतारा कन्नड. काका कन्नड फर्डं बोलतात, बाजारात, बँकेत, शेजारच्या अक्कांशी. वाचता येत नाही. उतारा अक्काच वाचून दाखवतात, प्रेमाने, दोनदा विचारलं तरी कंटाळत नाहीत. तरी आपल्या जमिनीवर काय लिहिलंय ते आपल्याला वाचता येत नाही, हे काकांना या वयात लागतं. मला त्याहून लागतं.

"म्हणजे त्यांना कागद घरी येतो?" काकांनी विचारलं.

"घरी नाही. मागावा लागतो. दर वेळी नव्याने मागायचा, असं तिथल्या सरकारने 1997 मध्ये ठरवलंय. त्यावरून अजून भांडतात."

"खरं मिळतो?"

"मिळतो."

काका बराच वेळ आमटी ढवळत राहिले. सीमाप्रश्नाचा सुप्रीम कोर्टातला 2004 चा दावा, महाजन अहवाल, यांवर ते एरवी तासभर बोलतात. आज एक शब्द नाही. हात धुऊन आले आणि म्हणाले, कागद-पेन आण.

सोमवारी कचेरीत अर्ज द्यायचा ठरलं आहे. बाचीच्या उताऱ्याची मराठी प्रत मिळावी, एवढीच मागणी. मसुदा मी लिहिला, कन्नड प्रत अक्कांची मुलगी उद्या करून देणार आहे. काकांनी वाचून खाली एक ओळ स्वतःच्या अक्षरात वाढवली: दर वेळी नव्याने अर्ज करावा लागला तरी माझी हरकत नाही.