तुम्ही विचारलंत म्हणून: हिशेब कंपाइल होतानाच का उरकायचा?

‘कॉन्स्टएक्सप्र लावलं की प्रोग्रॅम किती फास्ट होतो?’ शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलचे बोर्ड करणारी, नुकतीच सी प्लस प्लसकडे वळलेली पोरं हे हमखास विचारतात. (कॉन्स्टएक्सप्र म्हणजे ‘हा हिशेब प्रोग्रॅम चालताना नाही, कंपायलर कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करतानाच करण्याजोगा आहे’ असं सांगणारा सी प्लस प्लसमधला शब्द.) खरं सांगायचं तर बऱ्याचदा काडीचाही फरक पडत नाही. आकडे आधीच ठरलेले असले, की कंपायलरमधला ऑप्टिमायझर (कोड वेगवान करणारा भाग) तो हिशेब तसाही उरकून टाकतो. कॉन्स्टएक्सप्रची कमाई वेगळीच आहे: चुकलेला हिशेब बोर्डापर्यंत पोचतच नाही, कंपायलरपाशीच अडतो.

कोल्हापुरात हे फौंड्रीवरून पटकन कळतं. बीड (कास्ट आयर्न) थंड होताना मीटरला साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न (साचा पाडायचा नमुना) तेवढा मोठा करतात. हा हिशेब पॅटर्न शॉपमध्ये एकदाच होतो, प्रत्येक ओतकामाला नाही. आणि पॅटर्न लाकडाचा असला तरी आकसणं धरायचं ते बिडाचं. इथंच बहुतेकांची गल्लत होते. कंपायलर तुमच्या लॅपटॉपवर चालतो, पण हिशेबाला टाइप (आकड्याचा प्रकार, किती मोठा आकडा मावेल ते ठरवणारा) लावतो ते चिपचे.

एटीमेगा ३२८पी ही छोटी चिप घ्या, घड्याळाचा क्रिस्टल १६ मेगाहर्ट्झचा. सिरियल पोर्टच्या रजिस्टरमध्ये (चिपमधल्या सेटिंगच्या खणात) जो आकडा घालायचा त्याचं सूत्र असं: घड्याळाचा वेग भागिले (१६ गुणिले बॉड रेट), वजा १. बॉड रेट म्हणजे पोर्टचा वेग, सेकंदाला किती बिट ते. ९६०० साठी उत्तर १०३ यायला हवं. पण या चिपवर इंट (पूर्णांकाचा नेहमीचा टाइप) १६ बिटांचा, त्यात जास्तीत जास्त ३२७६७ मावतात. १६ गुणिले ९६०० म्हणजे १,५३,६००. हे ओव्हरफ्लो होऊन, म्हणजे जागेबाहेर सांडून, प्रत्यक्षात २२५२८ उरतात आणि रजिस्टरला जातात ७०९. पोर्ट चालतो १४०८ बॉडच्या आसपास, समोरच्या स्क्रीनवर कचरा. गंमत म्हणजे ११५२०० लिहिलंत तर ओव्हरफ्लो होत नाही, कारण तो आकडा इंटमध्ये मावतच नाही, कंपायलर आपणहून त्याला लाँग (इंटपेक्षा मोठा टाइप) धरतो. मोठा वेग सुटतो, छोटा अडकतो. मग वायरिंगवर संशय घेण्यात दुपार जाते.

हाच हिशेब मॅक्रोत (नाव दिलेल्या कोडच्या तुकड्यात) असेल तर जीसीसी हा कंपायलर नुसती वॉर्निंग देतो. कॉन्स्टएक्सप्र व्हेरिएबलमध्ये असेल तर एरर, कारण साइन्ड ओव्हरफ्लो, शून्याने भागणं, ॲरेच्या हद्दीबाहेर वाचणं यांना कॉन्स्टंट एक्स्प्रेशनमध्ये थाराच नाही. मात्र आर्डुइनोच्या एव्हीआर कोअरमध्ये (एटीमेगासारख्या चिपांसाठीच्या सॉफ्टवेअरच्या संचात) ‘परमिसिव्ह’ हा फ्लॅग (कंपायलरला दिलेली सूचना) आधीपासून लावलेला असतो. त्याने ही एरर परत वॉर्निंगवर उतरते, आणि सेटिंगमध्ये वॉर्निंग बंद असल्या तर तीही दिसत नाही. म्हणून एवढ्यावर विसंबू नका. १६ च्या जागी १६ यूएल (अनसाइन्ड लाँग) लिहा, आणि खाली स्टॅटिक असर्ट (कंपाइल होतानाची तपासणी) ठेवाच: मिळालेल्या आकड्यावरून खरा बॉड रेट उलटा काढायचा आणि फरक २ टक्क्यांच्या आत आहे का ते तपासायचं. ते असर्ट फसलं तर परमिसिव्ह असो नसो, बिल्ड थांबतो. उलटा हिशेब करतानाही टाइप लाँगच ठेवा, नाहीतर तपासनीसच चुकायचा.

हे असर्ट ११५२०० लाही अडवेल, आणि ते बरोबरच आहे. अपूर्णांक तोडून ७ घातले तर खरा वेग येतो १,२५,०००, म्हणजे साडेआठ टक्के जास्त. जवळचा पूर्णांक ८ घेतला तरी साडेतीन टक्के कमी. एक तर ७६८०० वर या, तिथे १२ घालून फरक ०.२ टक्के राहतो, नाहीतर १४.७४५६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल बसवा, मग ७ वर हिशेब काटेकोर जुळतो.

फंक्शनला कॉन्स्टएक्सप्र लिहिलं म्हणजे ते कंपाइल होतानाच चालेल, असंही नाही. तशी फक्त मुभा मिळते. उत्तर कॉन्स्टएक्सप्र व्हेरिएबलमध्ये घेतलंत की सक्ती होते. फंक्शनवरच सक्ती हवी असेल तर सी प्लस प्लस २० मधलं कॉन्स्टएव्हल आहे. रस्ट या भाषेतही तसंच: कॉन्स्ट एफएन म्हणजे मुभा, कॉन्स्ट म्हणजे सक्ती.

आता टेबल. डेटा बिघडला का ते तपासणाऱ्या सीआरसी-३२ चं टेबल म्हणजे २५६ नोंदी, प्रत्येकी ४ बाइट, एकूण १०२४. सी प्लस प्लस १४ पासून ते साध्या फॉर लूपने भरता येतं. आर्डुइनोचा एव्हीआर कोअर सी प्लस प्लस ११ वर आहे. तिथे फंक्शनमध्ये एकच रिटर्न चालतो, त्यामुळे रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) आलं. जीसीसी ५१२ पायऱ्यांच्या खाली उतरत नाही. २५६ नोंदी निभतात, १०२४ एकेक करून भरायला गेलात तर अडतो.

टेबल कंपाइल होतानाच तयार झालं म्हणून ते फ्लॅशमध्येच (प्रोग्रॅम साठवायच्या मेमरीत) राहील, असं एव्हीआरवर गृहीत धरू नका. या चिपमध्ये फ्लॅश आणि रॅमचे पत्ते वेगळे, त्यामुळे चालू होताना टेबलाची प्रत रॅममध्ये येते. २०४८ बाइटची रॅम, त्यातली निम्मी गेली. टेबलाला प्रोगमेम (‘फ्लॅशमध्येच ठेव’ असं सांगणारी खूण) लावा आणि वाचताना पीजीएमची (फ्लॅशमधून वाचणारी) फंक्शनं वापरा. साधा इंडेक्स दिलात तर कंपाइल होईल, पण भलत्याच जागेचं वाचेल. एसटीएम३२ या दुसऱ्या जातीच्या चिपवर ही भानगड नाही. बिल्डनंतर साइझ कमांड चालवून डेटाचा रकाना बघायचा: तिथे १०२४ वाढलेले दिसले, तर प्रोगमेम कुठेतरी राहिलंय.