मोडीतली नोंद आणि मोबाईलवरचा दाखला

आज आज्जीच्या जन्माची नोंद शोधताना जुनं कोतवाल बुक बघायला मिळालं, म्हणजे गाव नमुना 14, पूर्वी गावातले जन्म-मृत्यू यातच लिहायचे, आणि खरं सांगतो अंगावर काटा आला. सगळं मोडीत, शाई उडालेली, पानाच्या कडा हात लावला की पापडासारख्या तुटतायत. तिथल्या भाऊसाहेबांनी ओळीखाली पट्टी धरून हळूहळू वाचलं, बाळाचं नावच नाही, बापाचं नाव आणि पुढं नुसतं 'मुलगी'. आज्जीच्या डोळ्यात पाणीच आलं, कुठंतरी आपण लिहिलेलो आहोत म्हणून.

आणि इकडं ताईच्या बाळाचा दाखला थेट मोबाईलवर! जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यात 2023 ला बदल झालाय, 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या पोरांना शाळा, लायसन, पासपोर्ट, मतदार यादी सगळीकडं जन्मतारखेला हाच दाखला. त्यामुळं 21 दिवसात नोंद कराच, वर्ष उलटलं की मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय होत नाही.

लग्नाच्या नोंदणीला आपल्याकडं 1998 चा कायदा आहे, पण घटस्फोटाचं तसं रजिस्टरच नाही, कोर्टाचा हुकूमनामा हाच पुरावा, तो हरवला की बाईनं परत नकलेसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या. घटस्फोटाची नोंद पण जन्म-लग्नाच्या नोंदींसोबत एका सिस्टीमला जोडायला पायजे.

पण पहिली ती जुनी बुकं स्कॅन करा. कोल्हापुरात मोडी वाचणारी माणसं अजून आहेत, त्यांना मानधन देऊन बसवा, ती पानं लई पावसाळे काढतील असं वाटत नाही.