पत्ता

आज दिवसभर माझ्या प्रोग्रॅममधून नंदगड नीट छापलं जाईना. तीनदा बरोबर आलं, चौथ्या वेळी त्या जागी चौकटी आणि प्रश्नचिन्हं. जांबोटी, हलशी, खानापूर सगळी शाबूत, बिघडलं ते नेमकं आपलंच गाव. दुपारचा डबा उघडलाच नाही.

संध्याकाळी मॅडम शेजारी येऊन बसल्या. पायथनच्या स्ट्रिंगकडून, म्हणजे मजकूर धरणाऱ्या वस्तूकडून, मी यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये मांडायची पद्धत) मजकुराचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, मागून घेतला होता, तो माझ्या स्ट्रक्टमध्ये, म्हणजे माझ्या नोंदीत, ठेवला आणि लगेच खालच्या ओळीत स्ट्रिंगला डीक्रेफ, म्हणजे तिच्यावरचा माझा हक्क सोडला. तो तिला धरून ठेवणारा शेवटचा रेफरन्स होता. तो मजकूर स्ट्रिंगच्याच मालकीचा, ती गेली की तोही गेला. "वस्तू सोडून दिलीस आणि पत्ता धरून बसलास," त्या म्हणाल्या. सहज म्हणाल्या, त्यांना घराचं काही माहीत नाही.

पिरनवाडी येईपर्यंत बसमध्ये तेच वाक्य. आधारवर अजून मु. पो. नंदगड, ता. खानापूर. अण्णांनी दसऱ्यानंतर सही केली तेव्हा मी नको म्हणालो नाही. आईनं तर... जाऊ दे.

मला छळतंय ते हे की तीनदा बरोबर का आलं? सोडलेली मेमरी लगेच पुसली जाईलच असं नाही. दुसरं कुणी तिथं लिहीपर्यंत जुनी अक्षरं तशीच पडून राहू शकतात, आणि आपल्याला वाटतं सगळं जागेवर आहे. गेल्या महिन्यात गेलो होतो. तोच कट्टा, तेच तुळशीवृंदावन. फाटकाच्या कडीला हात गेला, तेव्हा नवं कुलूप दिसलं.

रात्री जेवून पुन्हा बसलो. स्ट्रिंगला इनक्रेफ करून, म्हणजे तिच्यावर आणखी एक हक्क नोंदवून, धरून ठेवता आलं असतं, पण मला फक्त नाव हवं होतं. मग मजकुराची स्वतःची प्रत केली. नंदगड म्हणजे ५ चिन्हं (न, अनुस्वार, द, ग, ड), प्रत्येकी ३ बाइट, १५. मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्यासकट १६. आधी १५च मागितले होते, ते सुधारलं. ही जागा आता माझी, काम झालं की फ्री, म्हणजे मोकळी, मीच करायची. ठीक आहे, तेवढं जमेल.

चाळीस वेळा छापून बघितलं. चाळीसही वेळा नंदगड.

उद्या आधारचा पत्ता बदलायला जातो. इथं गच्चीवरच्या कुंडीत तुळस आहे, ती आईनं तिथूनच आणली का, हे अजून विचारलेलं नाही.