वेलांटी तेवढी खोडायची होती

परवा आत्याचा फोन. रिटायर झाल्यापासून ती लॅपटॉपवर लहानपणच्या आठवणी टाईप करत बसते, हट्टाने इनस्क्रिप्ट हा देवनागरीचा कीबोर्ड शिकलीये आणि स्पीडही बरा आहे आता. म्हणाली, "अरे, हा लॅपटॉप बिघडलाय बघ, खोडायच्या एका बटणाने नुसती वेलांटी जाते आणि दुसऱ्याने अख्खं अक्षरच गायब!" मी सवयीने रिस्टार्ट कर म्हणणार होतो, पण म्हटलं आधी विचारू तरी, नक्की काय लिहीत होतीस. तर 'स्त्री' लिहायचं होतं आणि वेलांटी पहिली पडली. साहजिक आहे, इनस्क्रिप्टमधे पहिली वेलांटी एफवर आणि दुसरी बरोब्बर तिच्या डोक्यावर, आरवर. बोट जरा घसरलं की शुद्धलेखनाचे बारा वाजले.

पहिल्यांदा तिने अक्षराच्या पुढे कर्सर असताना बॅकस्पेस मारला, वेलांटी गेली, 'स्त्र' राहिलं, दुसरी वेलांटी दिली, काम झालं. दोन ओळींनंतर परत तीच चूक, यावेळी माऊसने क्लिक केलं तर कर्सर अक्षराच्या अलीकडे पडला, तिने डिलीट दाबलं आणि सगळा 'स्त्रि' एका फटक्यात साफ.

लॅपटॉप ठणठणीत आहे. असंच असतं ते, आणि खरं सांगायचं तर वर्षानुवर्षं मराठी टाईप करूनही मी कधी त्याकडे नीट बघितलं नव्हतं.

आपल्याला वाटतं बॅकस्पेस मागचं खातो, डिलीट पुढचं, बाकी दोघं सारखेच. इंग्रजीत ते चालून जातं, कारण तिथे एक की म्हणजे एक अक्षर. आपल्याकडे 'स्त्री' दिसायला एक पण आत सहा तुकडे: स, हलन्त, त, हलन्त, र, वेलांटी. आत्याने दाबलेल्या कीपण सहाच, एम-डी-एल-डी-जे-आर. बॅकस्पेस त्यातला शेवटचा एक तुकडा काढतो, म्हणजे तुम्ही आत्ता जे टाईप केलंत ते मागे घेतो. सहा वेळा दाबा, एकेक करून सगळं उतरेल, मधेच 'स्त्' असला लंगडा प्रकार स्क्रीनवर दिसेल पण घाबरायचं नाही. डिलीटचं तसं नाही, कर्सरच्या पुढे जे अखंड दिसतंय ते तो उचलतो. आणि त्याचंही बरोबरच आहे की, समोरून खाताना त्याने फक्त पहिला 'स' खाल्ला असता तर मागे बिनबुडाचा हलन्त लोंबकळत राहिला असता!

आता अखंड म्हणजे कुठपर्यंत यावरही सगळ्या प्रोग्रामचं एकमत नाही. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना नंबर देणारं मानक, त्याच्या जुन्या नियमात हलन्तापाशी तुकडा पडायचा, म्हणजे स्, त् आणि री असे तीन. देवनागरीचं जोडाक्षर एकसंध धरायचा नियम 15.1 आवृत्तीत आला, 2023 साली. हो, 2023! तोपर्यंत ज्याने त्याने आपापल्या परीने सांभाळून घेतलं, म्हणून एकीकडे डिलीट पूर्ण 'स्त्री' खातो आणि दुसरीकडे अर्धीच.

कृतिदेव या जुन्या फॉन्टवर टाईप करणाऱ्यांनी तर याहून भारी गंमत बघितलीये. तिथे अक्षरं म्हणजे नुसते आकार, 'भ' लिहायचा तर आधी अर्धा भ आणि मग काना. बॅकस्पेस मारला की काना जाऊन अर्धा भ उरायचा. पहिली वेलांटी तर अक्षराच्या आधी टाईप करायची, त्यामुळे 'दि'वर बॅकस्पेस मारलात की द जायचा आणि वेलांटी एकटीच हवेत.

आणि माझी स्वतःची खास डोकेदुखी म्हणजे 'दुसऱ्या'मधला तो अर्धा र. काही ठिकाणी तो र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह असा बनवलेला असतो. मागून खोडत आलात आणि एक बॅकस्पेस जास्त बसला की ते न दिसणारं चिन्ह उडतं, मग परत 'या' लिहिलं की रफार वर चढून बसतो आणि होतं 'दुसर्या'. नेटवर हे 'दुसर्या' इतकं दिसतं की आता डोळ्याला टोचतही नाही, सगळा दोष लिहिणाऱ्याचाच असतो असं नाही.

बॅकस्पेस मुळात खोडणारा नव्हताच. टाईपरायटरवर तो गाडी एक घर मागे न्यायचा, बस्स, खोडायला रबर नाहीतर पांढरं. आस्की या अक्षरांना नंबर देणाऱ्या जुन्या यादीतही बॅकस्पेसचा नंबर 8 आणि डिलीटचा 127, मधे एवढं अंतर का, तर कागदी पट्टीमुळे, अक्षरं तिच्यावर भोकं पाडून साठवायचे. पट्टीवर एकदा भोक पडलं की बुजवता येत नाही, मग चुकलेल्या अक्षरावर मागे यायचं आणि सातही भोकं पाडून टाकायची, बायनरीत सात एक म्हणजे 127, आणि वाचणारं मशीन ते अक्षर सोडून पुढे जायचं. खोडायचं म्हणजे अजून भोकं पाडायची, मला हे फार आवडतं.

शब्दच्या शब्द उडवायचा असेल तर विंडोजमधे कंट्रोल धरून बॅकस्पेस. टर्मिनलमधे, म्हणजे कमांड टाईप करायच्या खिडकीत, हेच काम कंट्रोल-डब्ल्यू करतं आणि ब्राउझरमधे कंट्रोल-डब्ल्यू टॅब बंद करतं. एकदा लांबलचक फॉर्म भरताना टर्मिनलच्या सवयीने एक शब्द खोडायला गेलो आणि फॉर्मच गेला, टॅब परत उघडली पण सगळे रकाने कोरे. ऑफिसच्या लोकांनी आठवडाभर माझी मजा घेतली.

आत्याला यातलं अर्धंच सांगितलं. म्हटलं, "अगं, वेलांटी दुरुस्त करायची तर कर्सर अक्षराच्या पुढे ने आणि बॅकस्पेस मार, सबंध अक्षर नको असेल तरच डिलीट." तिने बॅकस्पेसवर लाल टिकली चिकटवली आणि काम सुरू झालं. काल परत फोन, नातीच्या मॅकवरून बसली होती. "अरे, इथे डिलीट असं लिहिलंय पण हे मागचं खातंय. आता टिकली कुठे लावू?"